छतावरची तार

चाकांवरच्या त्या खोलीला दोन खिडक्या होत्या, एक दार होते आणि बाकी सगळा अॅल्युमिनियमचा पत्रा होता. रस्ता जसजसा तयार होत जाई, तसतशी कंपनी ती ट्रॅक्टरला जोडून पुढे नेई. मोजणीदाराचे घर ते एवढेच. अरुंद पलंगावर त्याची आई. उशाशी ऑक्सिजनचे यंत्र आणि त्यातून तिच्या नाकापर्यंत गेलेली पारदर्शक नळी. भिंतीत बसवलेला, गाडीच्या बॅटरीवर चालणारा जुना रेडिओ. तो स्वतः खाली सतरंजी टाकून झोपे. आईला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून आई रस्त्याबरोबर हिंडत होती. या वयात बिऱ्हाड पाठीवर आलं, असे ती म्हणे. पण त्यात तक्रारीपेक्षा नवलच अधिक असे.

थोरली बहीण काही वर्षांपूर्वी भांडून घराबाहेर पडली होती. तिने फोनचा नंबर बदलला, पत्ता कळवला नाही, आणि आईनेही तिचे नाव तोंडातून काढणे सोडले. मग एके दिवशी रोलरवाल्याने, ज्याला कॅम्पातले सगळेच मामा म्हणत, सहज विचारले की संध्याकाळच्या बातम्या वाचणारी ती बाई तुमच्या नात्यातली का. आडनाव तर तुमचेच लावते.  संध्याकाळ झाल्यावर आईने रेडिओकडे बोट दाखवले.

रेडिओतून आली ती नुसती खरखर. केंद्र लहान, मध्ये डोंगराची सोंड, आणि त्यात ही खोली. मामांनी पत्र्यावर टिचकी मारून निदान केले, "डबा आहे हा. आतली कुरकुर बाहेर जात नाही आणि बाहेरची बातमी आत येत नाही. लग्न केलंस की हीच खोली मागून घे."

मोजणीदाराला हसू आले नाही. त्याने खिडकीतून रेडिओची तार बाहेर काढली, मोजणीच्या उभ्या पट्टीला बांधून ती छतावर उभी केली. अर्थिंगसाठी जमिनीत लोखंडी खुंटी ठोकून तिच्याभोवती पाणी ओतले. गंजलेली टोके घासूनपुसून लख्ख केली. तार जितकी लांब करावी तितका आवाज वाढे, पण खरखरही त्याच मापाने वाढे. पुराच्या पाण्यातून कोणीतरी हाका मारत असावे आणि काठावरच्याला शब्द लागू नये, तसे होई. दिवसा दुर्बिणीतून रस्त्याचे चढउतार बिनचूक टिपणारा तो, संध्याकाळी एका तारेपुढे हात टेकत होता.

शेवटी काहीच सुचेना, तेव्हा तो छतावर चढला आणि तारेचे उघडे टोक मुठीत धरून बसला. कॅम्पच्या जनरेटरच्या घरघरीत खालचे काही ऐकू येत नसे. इतक्यात आईच्या काठीचे दोन ठोके छताला बसले. दोन ठोके म्हणजे आवाज आला, असे ठरले होते.

तेव्हापासून तोच नेम झाला. बातम्यांच्या वेळी तो वर चढे, तार धरे, ठोक्यांची वाट पाही. बातम्या संपल्या की एक ठोका येई. खाली उतरावे तो रेडिओत पुन्हा खरखर, आणि आई घामेजलेली, डोळे मिटलेली. "काय म्हणाली?" असे त्याने विचारले तर ती म्हणे, "भाव वाढलेत म्हणाली. आवाज बसलाय तिचा. उतरत्या उन्हात पाणी पीत असेल गार." बातम्यांतून तिने वेचलेले ते एवढेच असे. बहिणीचा आवाज त्याने स्वतः अजून ऐकला नव्हता. ऐकायचा तर तार सोडावी लागणार, आणि तार सोडली की आवाज जाणार. आपल्या अंगातूनच तो आवाज आईपर्यंत पोहोचतो आहे, या विचाराने त्याला एक लाजरे सुख होई.

पण आई मात्र उतरणीला लागली होती. नखे निळसर दिसत, बोलताना वाक्य मध्येच तुटे. डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून पाहिले आणि संध्याकाळचेच असे का खालावते, ते आपल्याला कळत नसल्याचे सांगितले. यंत्र तर रात्रंदिवस चालू होते. मोजणीदाराला वाटे, लेकीचा आवाज तिला सोसत नाही. तो बंद करावा तर ती खचेल, चालू ठेवावा तर झिजेल. इकडे आड, तिकडे विहीर. आणि तो छतावर.

कॅम्प डोंगरापलीकडे हलायच्या आदल्या संध्याकाळी मामा शिडीवरून वर आले. "उतर खाली. तिकडे गेल्यावर मुंगीचाही आवाज यायचा नाही. बहीण तुझी आहे, एकदा तरी ऐक. तार काय, माझ्या हातातही तारच राहील."

दोन ठोके आले. मामांच्या मुठीत तार देऊन तो घाईने उतरला आणि त्याने दार उघडले.

खोलीत बहिणीचा आवाज स्वच्छ भरून राहिला होता. इतका जवळचा, की ती पलंगाच्या पायथ्याशी बसली असावी. खरखर नव्हती, यंत्राची घरघरही नव्हती. यंत्राचा हिरवा दिवा विझलेला होता. नळी काढून उशीवर ठेवलेली. आई भिंतीला टेकून, काळवंडलेल्या ओठांनी, रेडिओला कान लावून बसली होती.

खरखर कुठून येत होती ते त्याला कळले, आणि त्याच क्षणी बाकीचेही.

त्याचा हात बटणाकडे गेला. आईने त्यावर आपला हात ठेवला. त्या हातात जोर नव्हता. असता तर त्याने तो झटकलाही असता.

"हवामान... राहिलंय," ती म्हणाली.

बहीण हवामान वाचत होती. एका वाक्याच्या मध्ये ती थांबली, तिने श्वास घेतला, आणि आईनेही तिच्याबरोबर तोंड उघडून घेतला. मग नमस्कार झाला. त्याने बटण दाबले. यंत्र घरघरू लागले आणि रेडिओत पुन्हा खरखरीचा पूर आला.

बऱ्याच वेळाने बोलण्याइतका दम आल्यावर आईने सांगितले, की एकदा यंत्राची वायर पायात अडकून निघाली आणि खरखर थांबली, तेव्हाच तिला हे उमगले. सांगितले असते तर त्याने रेडिओच उपटून फेकला असता.

"मग मला रोज वर का चढू देत होतीस?"

"तू खाली असतास तर यंत्र बंद करू दिलं असतंस का, धाकट्या?"

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने खोली डोंगरापलीकडे ओढून नेली. संध्याकाळी, बातम्यांच्या वेळी, आईने छताकडे पाहिले. "जरा वर जाऊन बघतोस?"

इथे काहीही येणार नाही, हे त्याला ठाऊक होते. आपण वर गेलो की ती तरीही नळी काढील, तेही. "आज मी खालीच बसतो," तो म्हणाला.

आईने भिंतीकडे तोंड फिरवले. त्याने रेडिओ लावला, पलंगाच्या कडेला बसून एका हाताने यंत्राचे बटण झाकून धरले, आणि दोघेही खरखर ऐकत राहिली. बाहेर मामा कोणाला तरी हाक मारत होते. बातम्या संपायच्या सुमारास आई भिंतीकडे पाहतच म्हणाली, "झालं असेल तिचं."

"हो."

"आज तिचा बसलेला आवाज सुटला असेल."

त्याने रेडिओ बंद केला. बटणावरचा हात मात्र तसाच राहू दिला.