पहिलं फळ स्वामींचं

बंडप्पांनी जन्मभर मुरुम गावात तेल विकलं. दुकान मुलाच्या, विरेशच्या, हवाली करून ते घरी बसले तेव्हा रिकामे डबे तेवढे सोबत आले. आता त्या डब्यांत स्ट्रॉबेरी होती. म्हणजे पानं होती.

कारण इरम्मा. दिवाळीच्या सुमारास बायकोला ताप आला, उतरला, आणि जाताना जिभेची चव घेऊन गेला. ताट पुढं आलं की ती माती गिळावी तसे चार घास गिळायची आणि भिंतीकडं बघत बसायची. चिंच झाली, लोणचं झालं, शेंगाचटणी झाली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. इकडं अंगाची काडी होत चालली. एका दुपारी ती म्हणाली, "महाबळेश्वरला खाल्लेलं ते लाल फळ. त्याची चव अजून ध्यानात हाय बघा."

विरेशनं सोलापूरहून खोकं आणलं. तिनं एक चावलं.

"ओला कापूस."

"खोक्यातली शिळी असतात," बंडप्पांनी निकाल दिला आणि मोबाइलवरून रोपं मागवली.

मुरुमचं ऊन काही स्ट्रॉबेरीचं माहेर नव्हे. गच्चीवर सकाळी डबे उन्हात, दुपारी टाकीच्या सावलीत, संध्याकाळी परत जागेवर. गुडघे बोलायला लागले. शेजारच्या गच्चीवरून गजराबाई विचारायच्या, "अप्पा, कोथिंबीर व्हय?" ते "व्हय" म्हणायचे. समजावून सांगायलाही त्राण लागतं. काही फुलं करपली, काही फळं साळुंक्यांनी नेली. एकच उरलं. त्यावर त्यांनी चहाची गाळणी उलटी बांधली. घरात चहा फडक्यानं गाळू लागले.

सोमवारी ते पिकलं. बंडप्पा वाटीत घालून खाली आले, तर दारात नेमके जंगमस्वामी भिक्षेला उभे.

"पहिलं फळ हाय न्हवं?" खाटेवरून इरम्मा म्हणाली. "स्वामींना द्या."

"अगं, एकच हाय."

"म्हणून तर पहिलं."

या घरातला पहिला हरभरा, पहिला आंबा आजवर स्वामींनाच गेला होता. बंडप्पांनी वाद घातला नाही. वाटी पुढं केली.

स्वामीही उन्हानं पार विटलेले. त्यांनी फळ फिरवून बघितलं. "बोर का?"

"स्ट्रॉबेरी."

"मुरुमात?"

"व्हय."

स्वामींनी अर्धं चावलं. डोळे मिटले, भक्तीनं नव्हे. उरलेलं अर्धं लगबगीनं वाटीत ठेवत ते म्हणाले, "अक्का आजारी हायत न्हवं? प्रसाद द्या त्यांना. सगळा द्या."

प्रसाद नाकारायचा नसतो. इरम्मानं तोंडात टाकला. बंडप्पा तराजूच्या काट्याकडं बघावं तसे तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिचा एक डोळा बारीक झाला. खांदे वर गेले.

"अवो, हे कसलं आंबट! जीभ सोलली की!"

"आंबट लागलं?"

"मग काय गोड सांगू? एवढे दिवस डबे ओढलेत ते ह्याच्यासाठी?"

बंडप्पा उंबऱ्यापाशीच खाली बसले. पुढं ती बरंच बोलली. त्या फळाविषयी, त्यांच्या अकलेविषयी, आणि सकाळच्या आमटीत मीठ जास्त पडलं होतं त्याविषयीही. हे तिनं सकाळी सांगितलं नव्हतं. बंडप्पांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

स्वामी दारातून पाणी मागत होते. बंडप्पांना उठवेना.