मेहुण्याच्या गाडीचा आवाज

सायलेन्सरच्या मिस्त्रीला नाक होतं, पण ते चष्मा ठेवण्यापुरतं. बावीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली उताणं पडून त्याने धूर खाल्ला आणि एका तापात उरलासुरला वासही गेला. तेव्हापासून शेगडीवर दूध करपलं तरी त्याला पत्ता नसायचा. घरातलं नाक म्हणजे त्याची बायको. संध्याकाळी तो दारात आला की ती आधी त्याच्या शर्टाची बाही हुंगायची, मग चहाचं आधण ठेवायची.

"आज डिझेल. मोठी गाडी. आणि कुठेतरी रबर जळालंय."

दहातल्या नऊ वेळा बरोबर. दहाव्या वेळी ती म्हणायची, "तुमच्याच लक्षात नसेल." लग्नाला एवढी वर्षं झाली तरी हा खेळ दोघांनी सोडला नव्हता. मूलबाळ नव्हतं, पण समोरच्या खोलीत ती पाळणाघर चालवायची, त्यामुळे दिवसभर आठ पोरांचा गलका असे आणि संध्याकाळी हा खेळ.

मिस्त्री स्वभावाने मेणाहून मऊ, पण एका बाबतीत दगड. जुन्या गाडीत इंजिनातला धूर बाहेर काढणाऱ्या मॅनिफोल्डला जोडूनच एक पत्र्याचा डबा असतो, कन्व्हर्टर. त्याच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते आणि धुरातलं बरंचसं विष तिथेच मरतं. बाजारातले चकचकीत चार नळ्यांचे हेडर बसवायचे तर मॅनिफोल्डबरोबर हा डबाही जातो. पोरं हेडर बगलेत मारून यायची आणि म्हणायची, "काढा हो तो डबा, गाडी कशी गरजते बघा!"

"गरजायचं तर तुम्ही गरजा की," मिस्त्री म्हणायचा. "गाडीला कशाला कामाला लावता? कायद्याने बंदी आहे आणि माझीही आहे. निघा."

अशी किती गिऱ्हाइकं त्याने परत पाठवली याला गणती नव्हती. आणि मग एके दिवशी दुकानात मेहुणा आला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा, ही अठराची. हिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत नेलं, तापात रात्ररात्र उशाशी बसली. दोन वर्षांपूर्वी ती त्याला नोकरीवरून काहीतरी बोलली आणि तो ताडकन म्हणाला, "तू काही माझी आई नाहीस!" त्यानंतर त्याने या घराची पायरी चढली नव्हती. बायको त्याचं नाव काढत नसे. पण भांडी घासताना मध्येच थांबायची, तेव्हा मिस्त्री समजून जायचा.

"दाजी, एवढं बसवून द्या," मेहुणा खाली मान घालून म्हणाला. हातात हेडरचं खोकं होतं.

"डबा काढायचा? नाही."

"ठीक आहे. मग दुसरीकडे जातो."

तो वळला. मिस्त्रीला त्याची पाठ दिसली आणि त्या पाठीमागे आणखी दोन वर्षं दिसली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"थांब," तो म्हणाला. "एक अट आहे. ताईला भेटायला यायचं."

मेहुणा काहीतरी बोलणार होता. पण त्याने नुसतीच होकाराची मान डोलावली.

मिस्त्रीने मॅनिफोल्ड उतरवला, डब्यासकट. इंजिनात धूर परत नेणारी बारीक नळी होती, तिच्या तोंडावर पट्टी मारली. धूर तपासणारा सेन्सर काढला. मॅनिफोल्डच्या जागी नवे हेडर बसवले. गाडी सुरू केली तेव्हा भिंतीवरचे पाने खुळखुळले. काढलेला डबा फेकायचं मात्र त्याला धाडस झालं नाही. जुन्या गोणपाटात गुंडाळून त्याने तो बाकाखाली सरकवला. मग दुकानातल्या नळावर कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, शर्ट बदलला आणि घरी गेला.

बायकोने बाही हुंगली. "साबण," ती म्हणाली.

"उकाडा होता."

तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि आधण ठेवलं. त्या दिवशी तिने पुढे काहीच ओळखलं नाही. मिस्त्रीला वाटलं, सुटलो. चोराच्या मनात चांदणं होतं, पण चहा छान झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून मेहुणा यायला लागला. रोज सकाळी दहाला, कामावर जाताना. गाडी कोपऱ्यावर असतानाच सगळ्या गल्लीला कळायचं. आवाज आला की बायको कडेवरच्या पोरासकट खिडकीशी धावायची. तो खाली गाडीतच बसून असे. इंजिन बंद करत नसे. "बरी आहेस?" "बरी आहे. जेवतोस ना वेळेवर?" एवढंच बोलणं, पाच मिनिटं. पण बायको दिवसभर गुणगुणत असे आणि मिस्त्री स्वतःला सांगायचा, एक डबाच तर काढला. एवढं जगात काय बिघडलं?

तिसऱ्या आठवड्यात एकदा मिस्त्री चष्मा घरी विसरला आणि साडेदहाला आणायला परत आला. बघतो तर खिडकी बंद. ऐन उकाड्यात! ती खिडकी कधी बंद होत नसे. पोरांना तिथूनच वारा मिळायचा. सगळी पोरं मागच्या खोलीत कोंबलेली, घामेजलेली. बायको सगळ्यात धाकटीला मांडीवर घेऊन चित्रांच्या पुस्तकाने वारा घालत होती. पोरगी खोकत होती.

"खिडकी का लावलीस?"

"धूळ येते हो."

मिस्त्रीने खिडकी उघडली आणि चौकटीवरून बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट झालं. बावीस वर्षं तो हेच बघत आला होता. ही धूळ नव्हती.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"पहिल्याच दिवशी. साबणाखाली वास होताच की."

"मग बोलली का नाहीस?"

"आपलेच दात, आपलेच ओठ," ती म्हणाली. "बोलले असते तर तुम्ही ते परत बसवलं असतं आणि तो पुन्हा गेला असता. तो येऊन गेला की खिडकी लावते, तासाभराने उघडते. चाललं होतं. पण काल ही तासभर खोकत होती. आजही बघा. हिची आई विश्वासाने ठेवते हो." आणि ती रडायला लागली.

मिस्त्रीला स्वतःची लाज वाटली. अशी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. आपण बायकोला तिचा भाऊ आणून दिला खरा, पण असा, की त्याच्या तोंडावर खिडकीही लावता येऊ नये.

दुपारी त्याने मेहुण्याला दुकानात बोलावलं आणि काळं बोट दाखवलं. ते त्याने मुद्दाम धुतलं नव्हतं.

"तुझ्या ताईची खिडकी. चूक माझी आहे, मी नाही म्हणायला हवं होतं. मी जुना डबा परत बसवतोय. तुला राग आला तर माझ्यावर काढ, तिच्यावर नको."

मेहुणा स्टुलावर बसला. मिस्त्रीने गोणपाट सोडलं आणि तो गाडीखाली शिरला. चारातले दोन बोल्ट निघाले.

"दाजी," वरून आवाज आला. "मला हेडरचं काही पडलेलं नव्हतं."

"मग?"

"दोन वर्षांत मी किती वेळा तुमच्या दारापर्यंत आलो असेन. हात वर करायचो आणि मागे फिरायचो. जे बोललो होतो त्यानंतर दार कसं वाजवणार? म्हटलं, गाडीचा आवाजच एवढा मोठा असू दे, की ताई आपणहून खिडकीत येईल."

मिस्त्री गाडीखाली तसाच पडून राहिला. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात गेलं.

"बाबा रे," तो म्हणाला, "तो तिसरा पाना दे."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. दहा वाजले. खिडकी सताड उघडी होती. बायको धाकटीला खांद्यावर थोपटत उभी होती. पोरगी नुकतीच झोपली होती. आवाज आला नाही. दहा मिनिटं झाली. गल्लीत एक सायकल गेली, बस्स.

"गेला," बायको म्हणाली. "काय बोललात त्याला?"

आपण सगळं मुसळ केरात घातलं की काय, असं मिस्त्रीलाही वाटायला लागलं होतं.

आणि दारावर टकटक झाली. हलकी, दोनदाच. मग जरा थांबून आणखी एकदा.

"पोरांपैकी कुणाची आई असेल," बायको म्हणाली.

"तूच उघड," मिस्त्री म्हणाला.

तिने दार उघडलं. मेहुणा उभा होता. हातात गाडीची किल्ली, आणि हात अजून वाजवायला वर केलेलाच.

"ताई, मी तेव्हा जे बोललो ते…"

"हळू बोल," ती म्हणाली. धाकटीला तिने एका हाताने सावरलं आणि दुसऱ्या हाताने त्याची बाही घट्ट धरली. "पोरगी झोपलीय. आत ये आधी."