सत्कारमूर्तीची पाठ

तांडापेठेत एखाद्याचं कौतुक करायचं ठरलं की त्या माणसाची धडगत नसते. भारतीची पोरगी ऋतुजा अठरा वर्षांखालच्या भारतीय बास्केटबॉल संघातून बँकॉकला गेली, आणि इकडे प्रेमानंदभाऊंच्या मंडळाने चौकात मंडप ठोकला. मोठा पडदा लावू, सारी वस्ती मॅच पाहील आणि त्यातच आईबापाचा सत्कारही उरकू, असा त्यांचा एका दगडात दोन पक्षी मारायचा बेत.

भारतीला सत्काराचं काही सोयरसुतक नव्हतं. तिला पोरीला भारताच्या निळ्या जर्सीत खेळताना पाहायचं होतं, बस. आधीच्या सगळ्या मॅचमध्ये ऋतुजा बाकावरच बसून होती. आजची मॅच शेवटची. आज कोचबाईंनी तिला उतरवलं तर उतरवलं, नाहीतर राहूनच जाणार होतं.

घरी मोबाइलवर निवांत पाहू म्हटलं, तर नवरा संजीव म्हणाला, "लोकं काय म्हणतीन? आपल्यासाठी मंडप टाकला त्यायनं." लोकांना जे म्हणायचं ते पोरगी अर्ध्या चड्डीत चौकातून सरावाला जायची तेव्हाच म्हणून झालं होतं. आता तेच लोक पहिल्या रांगेत आलूबोंडे खात बसले होते.

मंडपात पोचल्यावर भारतीने कपाळावर हात मारला. या शहाण्यांनी पडदा स्टेजच्या मागे लावला होता, आणि सत्कारमूर्तींच्या खुर्च्या त्याच्याकडे पाठ करून मांडल्या होत्या. म्हणजे साऱ्या वस्तीला तिची पोरगी दिसणार, आणि तिला फक्त वस्ती.

"भाऊ, मले पडदा दिसून नाही राहिला," ती म्हणाली.

"ताई, तुमी सत्कारमूर्ती!" प्रेमानंदभाऊ म्हणाले. "लोकायकडं पाठ करून कसं चालन? दोन मिनिटाचं काम हाय."

त्या दोन मिनिटांत दिवा लावणं झालं. तो कूलरच्या वाऱ्याने विझला म्हणून पुन्हा लावणं झालं. मग पाहुण्यांची ओळख, आणि ती अपुरी वाटली म्हणून पाहुण्यांनी स्वतःच करून दिलेली स्वतःची ओळख. भाषणाला अडथळा नको म्हणून मॅचचा आवाज बंद केला होता. शाळेत असताना आपण कबड्डी कशी गाजवली ते पाहुणे सांगू लागले. भारती समोरच्यांच्या तोंडांवरून मॅचचा अंदाज घेत होती. तोंडं पडलेली होती. मान जरा वळवली की फोटोवाला ओरडायचा, "काकू, सामने देखो!" तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून तिची सासू तुळजाबाई ताडकन उठली.

"भारती! पोट्टी उतरली वं! आपली पोट्टी!"

सगळ्या मंडपाने टाळ्या पिटल्या. पाहुण्यांना वाटलं, आपली कबड्डी आवडली. त्यांनी हात जोडले आणि नव्या दमाने पुढे सुरू केलं.

भारती उठायला गेली, तर प्रेमानंदभाऊंनी तिच्या खांद्यावर शाल टाकून तिला परत बसवलं. "बस, आता नारळच राहिला, ताई."

नारळ! उजाडायच्या आत मैदानावर जाऊन पोरीचे चेंडू गोळा केले, ते काय या नारळासाठी? भारतीने प्लॅस्टिकच्या खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि खुर्ची गर्रकन फिरवली. पाहुण्यांकडे पाठ, वस्तीकडे पाठ.

"हे काय करून राहिल्या, ताई?"

"तुमी बोला ना गा, भाऊ. मी ऐकून राहिली."

पडद्यावर ऋतुजा फ्री थ्रोसाठी उभी होती. तिने चेंडू दोनदा आपटला, गालावरचा घाम खांद्याला पुसला आणि फेकला. चुकला. "गुडघा वाकव वं," भारती रोजच्या सवयीने पुटपुटली. दुसरा चेंडू सरळ जाळीत गेला. भारतीला रडू फुटलं. सगळे पाठीमागे असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही, हे एक बरं झालं.

मॅच भारताच्या पोरी सपाटून हरल्या. पाहुण्यांनी तरीही विजयाबद्दल अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी ऋतुजाचा फोन आला. "आई, पेपरातला फोटो पाहिला मी. सारे समोर पाहून हासून राहिले, अन् तुही एकटीची नुसती पाठ. काहून वं?"

"तुहं तोंड पाहून राहिली होती," भारती म्हणाली. "अन् पयल्या टायमाले गुडघा काहून नाही वाकवला?"