माझ्या पोटातली खडखड

चाकाचा शोध लागला आणि मानवजातीच्या इतिहासाला गती आली. तशी चार चाकं माझ्याकडे आहेत. पैकी एकात हवा कमी आहे.

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. कारखान्यात एका यंत्राने मला दारं लावली, दुसऱ्याने काचा बसवल्या आणि तिसऱ्याने पाहताक्षणी पसंतीचा शिक्का मारला. इतक्या झटपट मला पुन्हा कुणी पसंत केलं नाही. नवी होते तेव्हा शेजारी मला हळूच हात लावून बघत. आता तेच माझ्या बॉनेटवर भाजीच्या पिशव्या ठेवून गप्पा मारतात. चालायचंच.

कागदोपत्री मी ताईंची, वापरायला साऱ्या घराची. ताईंचा धाकटा भाऊ पन्नाशीला आला तरी घरात बाळ्याच. त्याला नवी, ऐसपैस गाडी हवी होती. माझ्यात म्हणे पाय दुमडून बसावं लागतं. ताई म्हणायच्या, "धडधाकट आहे तोवर विकायची नाही."

आणि एके दिवशी मी खडखडू लागले. वळण आलं की खडखड, खड्डा आला की खडखड. मला धक्काच बसला. पोटात काय झालंय ते कळेना. तुम्हाला तरी तुमच्या पोटातलं कुठे कळतं?

मिस्त्रींनी माझ्या सीटा काढून रस्त्यावर मांडल्या, दारांची अस्तरं उतरवली. चारचौघांत. आत एक कंगवा आणि अर्धी पेन्सिल सापडली. खडखड सापडली नाही, कारण गॅरेजात मी वाजतच नव्हते. घरी आले की पुन्हा सुरू.

"ताई, ही नाटकं करते," मिस्त्री म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"विकून टाकू ग," बाळ्या हळहळून म्हणाला. "भर रस्त्यात दगा देईल." उद्या गिऱ्हाईक यायचं ठरलं.

आम्ही गॅरेजातून निघताना मिस्त्री ताईंना म्हणाले होते, "मागचा आवाज पुढे बसून कळत नाही. कुणीतरी डिकीत आडवं पडून ऐकावं लागतं." साठीच्या बहिणीला भावाने डिकीत झोपू दिलं नसतं, म्हणून ताईंनी विचारलंच नाही. आज सकाळी बाळ्या बायकोला घेऊन निघण्याआधी त्या मागची सीट पाडून, उशी घेऊन डिकीत सरकल्या आणि सीट पुन्हा ओढून घेतली. माझ्या डिकीत आजवर स्टेपनी होती, एकदा फुटलेलं कलिंगडही होतं. मालकीण कधीच नव्हती. मी हबकले.

पहिल्याच वळणावर खडखड सुरू झाली.

"अहो, बंद पडणार ही," बाळ्याची बायको म्हणाली.

"छे. गाडी ठणठणीत आहे."

"मग हे काय वाजतंय?"

"बामची डबी. आत दोन नट टाकलेत. मिस्त्रीकडे जाताना काढतो, आल्यावर ठेवतो."

"म्हणजे तुम्ही ताईंना..."

"डिकीत, दिव्याच्या झाकणामागे आहे. तिथे कोण तोंड घालून बघतंय."

मित्रांनो, माझं इंजिन गार पडायचं बाकी राहिलं. मला काही झालंच नव्हतं. माझ्याच माणसाने मला आजारी पाडलं होतं, आणि मी मात्र वयाला दोष देत बसले होते.

मागे 'टक्' आवाज झाला. खडखड थांबली. मग ताई शांतपणे म्हणाल्या, "बाळ्या, झाकण उलटं बसवलंयस."

बाळ्याने असा ब्रेक मारला की माझी चारही चाकं किंचाळली.

"ताई? तुम्ही आत कधीपासून?" बायकोने विचारलं.

"घरापासून. आधी मला बाहेर काढा." बाहेर येऊन ताईंनी पाय झाडले. "तुला दुमडून बसावं लागतं ना रे? मला बघ." मग किल्ली काढून घेतली. "गिऱ्हाइकाला फोन कर. कारण तूच सांग, तुला छान सुचतात."

मित्रांनो, जुनी वस्तू कुरकुरली, तर तिला टाकण्याआधी नीट ऐका. दुखणं दर वेळी तिचंच असतं असं नाही.

आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला बसलेल्या त्या तिघांना कुणीतरी जाऊन सांगा, बाळ्याने घाबरून लावलेले माझे चारही इंडिकेटर अजून चालूच आहेत.