फळीवरची अक्षरं

गोजराचं अक्षर म्हणजे निव्वळ कोंबडीचे पाय. भरे गावच्या शाळेतल्या गुरुजींनी तिच्या बापाला, बहिरूला, देवळासमोर गाठून तसं तोंडावरच सांगितलं. "फळ्यावरचं बघून धड उतरवता येत नाही तिला. परीक्षेला साहेब येतील, ते पाटी बघतात. असंच राहिलं तर पोरगी पहिलीतच बसेल."

"बसंल कशाला? गुरं राखाया जाईल," बहिरू म्हणाला. घरी येऊन बायकोलाही त्यानं तेच ऐकवलं, आणि बहिरू एकदा बोलला की बोलला.

साळूबाईला ते झोंबलं. तिनं स्वतः शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण लेक गुरांमागं जाणार म्हटल्यावर तिला राहवलं नाही. तिनं गुरुजींकडून मोठ्या अक्षरांचा कित्ता मागून आणला. संध्याकाळी भाकरी थापायला बसली, तेव्हा लेकीला परातीपलीकडं समोरच बसवलं. पाटी आणि कित्ता मध्ये.

"काढ. ह्याच्यावानी हुबेहूब."

वाचता येत नसलं तरी दोन गोष्टी सारख्या आहेत की नाहीत, एवढं तिला कळत होतं. "ह्याचं प्वाट ल्हान झालं, पूस. ह्ये लंगडं हाय, पूस." गोजरा रडायची. साळूबाईला दया यायची, पण ती दाखवायची नाही.

एक गोष्ट मात्र गोजराला कळेना. आई सारखी म्हणायची, "फळीवर भांडी मांडत्यात तशी रेघंवर उभी कर. अधांतरी न्हाई ठिवायची."

"आये, रेघ वर असती!"

"खाली हाय. मला डोळं न्हाईत व्हय?"

दोघीही हट्टाच्या. शेवटी गोजरानं वाद सोडला आणि एकेक अक्षर रेघेला नीट चिकटवू लागली. तसं केलं की आई पुसायला लावत नव्हती, आणि तेवढंच तिला हवं होतं. असेच दिवस गेले. एकदा साळूबाई म्हणाली, "आता माजं नाव काढ." मग तव्यावरची भाकरी करपेपर्यंत ती त्या पाटीकडं बघत, परातीतल्या पिठात बोट फिरवत राहिली.

परीक्षेला साहेबांनी गोजराची पाटी उचलून सगळ्या वर्गाला दाखवली. पोरगी दुसरीत गेली.

निकालादिवशी बहिरू बैल बघायला नांद्याला गेला होता, म्हणून साळूबाईच शाळेत गेली. टेबलापलीकडून गुरुजींनी वही तिच्यापुढं सरकवली आणि शाईची डबी उघडली. "इथं अंगठा."

"सही करती," साळूबाई म्हणाली.

तिनं वही फिरवून पार उलटी केली, टाक घेतला आणि आधी एक रेघ ओढली. मग उजवीकडून डावीकडं एकेक अक्षर त्या रेघेवर उभं करत गेली.

"आये, उलटं लिव्हतीस!" गोजरा ओरडली.

"गप. मला हितनंच येतं."

समोर बसलेल्या गुरुजींना मात्र नाव सुलटंच दिसत होतं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, "साळूबाई," आणि शाईची डबी मिटून बाजूला ठेवली.

गोजरा आईला खेटून उभी राहिली आणि तिच्या बाजूनं वहीत वाकून बघू लागली. रेघ खरंच खाली होती.