ताईने टाकी स्वच्छ केली

घाणीची किळस कुणालाही येते. ताईची किळस पगारी होती. एकतीस वर्षं तिने एका मोठ्या हॉस्पिटलात शस्त्रक्रियेची अवजारं निर्जंतुक करायच्या विभागात काढली. कात्र्या, चिमटे, वाट्या, सगळं रक्तामांसासकट तिच्याकडे यायचं आणि वाफेच्या मशिनातून चकचकीत होऊन परत जायचं. डोळ्यांना दिसत नाही ते मारायचं, हे तिचं काम. माघारी सगळे तिला फिनेलबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून त्याचा अभिमानच होता.

निवृत्त झाली आणि फिनेल, ब्रश, उकळतं पाणी ही सगळी फौज तिने घरात आणली. नवरा आधीच वारला होता. मुलगा-सून सोबत होते, त्यांनीही वेगळं बिऱ्हाड केलं. जाताना सून फक्त एवढंच म्हणाली, "आई, बाळाला उचलायच्या आधी हात धुतल्याची रोज परीक्षा मी काही देणार नाही." मग त्या तीन खोल्यांत उरल्या ताई आणि पुसलेल्या फरश्या.

म्हणून धाकट्या भावाची बायको गेली तेव्हा ताईने त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं. धाकटा म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचा लिफ्टचा मिस्त्री, नुकताच काम सोडलेला. तो आला, पण हातचं राखून आला. "तीन महिने राहून बघतो, ताई. तिकडची भाड्याची खोली तूर्त सोडत नाही. आपलं जमलं तर मालकाला चावी देऊन टाकीन." ताईने त्या दिवसापासून जिभेला लगाम घातला. हाही गेला तर उरलेलं आयुष्य भिंतींशी बोलण्यात जाणार, हे तिला पक्कं कळलं होतं.

आणि धाकट्याने आल्याआल्या बैठकीच्या खोलीत माशांची टाकी मांडली.

चार फूट लांब काच, खाली लोखंडी स्टँड. चारही कोपरे त्याने लेव्हलच्या नळीने तपासले. जन्मभर लिफ्ट सरळ लावणाऱ्याचा हात तो. तळाला वाळू, वाळूत शिंपल्यांचा चुरा, वर दगडांच्या कपारी. "हे आफ्रिकेच्या तलावातले मासे, सिक्लिड," तो सांगायचा. "यांना जड, चुन्याचं पाणी लागतं, म्हणून शिंपले. आणि झाडं लावायची सोयच नाही, उपटून फेकतात." इथवर ताईची काही तक्रार नव्हती. धुतलेली वाळू, घासलेले दगड, स्वच्छ पाणी. मग त्याने एक कोळंबी जाळीच्या पिशवीत बांधली आणि पाण्यात सोडली.

"मासे तर आणलेच नाहीस, मग खाणार कोण?"

"खायला नाही गं, कुजायला. ती कुजली की अमोनिया होतो. तो खाणारे जंतू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. वस्ती बसली की मासे आणायचे. पुढे माशांची घाणसुद्धा तेच पचवतात."

"माझ्या घरात तू मुद्दाम जंतू पाळतोयस?"

"चांगले जंतू, ताई."

चांगला जंतू! एकतीस वर्षांत हे दोन शब्द तिने शेजारी-शेजारी ऐकले नव्हते. तिने ओठ आवळले आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

पाच आठवडे ती कोळंबी कुजली. आधी गुलाबी, मग करडी, मग तिच्यावर पांढरी बुरशी आली, आणि शेवटी पिशवीतून शेंबडासारखे धागे लोंबायला लागले. वास पडद्यांत, उशीत, चहाच्या कपात जाऊन बसला. ताई घास तोंडात घ्यायची आणि न चावताच गिळायची. धाकटा मात्र रोज सकाळी एका छोट्या नळीत ते पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचा आणि रंग बघून खूश व्हायचा. "अमोनिया उतरतोय, ताई, उतरतोय!" ताई हसून "वा" म्हणायची, मग न्हाणीघरात जाऊन ओकारी काढून यायची. भावासाठी बहिणी काय काय करतात. हिने हे केलं.

मग अठरा मासे आले. निळे, पट्ट्यांचे, पिवळे. मुद्दाम दाटीने ठेवलेले, कारण मोकळी जागा दिली तर एकच दांडगा बाकीच्यांचा जीव घेतो म्हणे. दिवसभर मारामाऱ्या, आणि मारामारी नसेल तेव्हा शौच. माशांच्या मागे तो दोरा लोंबताना दिसला की ताई मान फिरवायची. त्यात एका पिवळ्या मादीने खाणं सोडलं आणि तिचा गळा फुगला. "अंडी तोंडात धरलीत हिने," धाकट्याचा आवाज हलका झाला होता. "पिल्लं होईपर्यंत तोंडातच ठेवणार. तीन आठवडे उपाशी." ताईला आधी शिसारीच आली. तोंडात! पण नंतर ती येता-जाता त्या मादीपाशी थांबायला लागली. उपाशीपोटी कुणी एवढं राबतंय म्हटल्यावर तिला राहवेना.

तीन महिने भरत आले. एका गुरुवारी धाकटा म्हणाला, "तिकडे जाऊन येतो. सामान बांधतो आणि शनिवारी दहा वाजता मालकाला चावी देऊन टाकतो. झालं की माझं इथेच." ताईला रडू आलं, तिने ते शिंकेच्या नावावर खपवलं. निघताना तो म्हणाला, "रोज चिमूटभर खाणं टाक. बाकी कशाला हात लावू नकोस हं."

हात लावू नकोस! तो दर पंधरवड्याला स्पंज कसा धुतो ते तिने पाहिलं होतं. टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत दोनदा दाबायचा, तपकिरी लगदा निघायचा, की परत फिल्टरात. नळाखालीसुद्धा धरायचा नाही. हॉस्पिटलातल्या प्रत्येक आळशी माणसाकडे आपली घाण का असू द्यावी याचं एक कारण तयार असे. धाकट्याचं चांगल्या जंतूंचं कारण तिने त्याच खात्यावर टाकलं. आणि आता तर टाकीत बाळंतीण होती. बाळंतिणीच्या खोलीत असला लगदा? भाऊ परत येईल तेव्हा त्याला टाकी ऑपरेशन थिएटरसारखी दिसली पाहिजे, असं तिने ठरवलं. हे त्याला तिचं बक्षीस.

गुरुवारीच तिने फिल्टर उघडला. स्पंज बुळबुळीत होता, बोटांना चिकटत होता, वास गटाराचा. ती नाक वळवून काम करत राहिली. स्पंज आणि आतल्या चिनी मातीच्या नळ्या वीस मिनिटं खळखळून उकळल्या, पाणी बदलून पुन्हा उकळल्या. दगड काढून गरम पाण्याने ब्रशने घासले. सगळं जागच्या जागी ठेवलं. शुक्रवारी टाकी अशी झळकली की ताईचा जीव सुखावला. त्या आनंदात तिने चिमूटभराऐवजी तीनदा मूठमूठ खाणं टाकलं.

शनिवारी सात वाजता ती उठली तेव्हा पाणी दुधाळ झालं होतं. मासे सगळे वर, पाण्याबाहेर तोंडं काढून धापा टाकत होते. मारामारी नाही, काही नाही. पिवळी मादी दगडाला टेकून आडवी होत होती, पुन्हा उठत होती.

ताईला एका क्षणात सगळं समजलं. जंतू मारायचं काम तिला येत होतं, आणि तिने ते चोख केलं होतं.

तिने फोन उचलला. आणि खाली ठेवला. आत्ता सांगितलं तर तो विचारणार, काय केलंस? आणि खरं सांगितलं की चावी त्याच्या खिशातच राहणार. चावी दहाला जाणार होती.

आठला त्याचाच फोन आला. "सामान बांधून झालं, ताई. मालक दहाला येतोय. मासे कसे आहेत?"

"मजेत आहेत," ताई म्हणाली.

मग ती टाकीसमोर खुर्ची घेऊन बसली. नऊला पहिला निळा उलटा झाला. साडेनऊपर्यंत पाच झाले. पाण्यावर तवंग आला होता, त्यात न खाल्लेलं खाणं सुजून तरंगत होतं, आणि तो वास परत आला होता, कोळंबीचा. पावणेदहाला पिवळी मादी उठायची थांबली. तिचं तोंड उघडं पडलं आणि त्यातून नुकते डोळे उमटलेली, पोटाला पिवळी गाठ असलेली इवलीशी पिल्लं एक एक करून वाळूवर सांडली. ताईने घड्याळाकडे पाहिलं. पंधरा मिनिटं अजून. आयुष्यात इतकं मांस, इतका पू, इतकं रक्त हाताळलं, पण स्वतःच्या अंगाला हात लावू नये असं तिला कधी वाटलं नव्हतं. ते आत्ता वाटलं. तरी ती उठली नाही.

सव्वादहाला तिने फोन केला.

"दिली चावी," तो आनंदाने म्हणाला.

"मासे वर आलेत रे. काहीतरी झालंय."

त्याने घाईघाईने सांगितलं ते सगळं तिने केलं. अर्धं पाणी उपसलं, निळ्या बाटलीतलं, नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायचं औषध मोजून नव्या पाण्यात घातलं, उघड्या हाताने मेलेले मासे काढले. चार वाचले.

संध्याकाळी धाकटा दोन बॅगा घेऊन आला. बॅगा खाली न ठेवताच टाकीपाशी गेला. फिल्टर उघडला, पांढराशुभ्र स्पंज नाकाशी धरला. मग ताटलीत ओळीने ठेवलेल्या चौदा माशांकडे वाकून पाहिलं. पिवळ्या मादीला बोटाने उचललं. ती लाकडासारखी ताठ होती, डोळे पांढरे पडलेले.

"कधीपासून वर यायला लागले?"

"दहानंतर," ताई म्हणाली. "तुला फोन केला ना, त्याच्या जरासं आधी."

पाणी दुधाळ झाल्यापासून मासा उलटा व्हायला किती तास लागतात, हे धाकट्याला ठाऊक होतं. तो ओरडला असता तर ताईने ऐकून घेतलं असतं. रडला असता तर जवळ घेतलं असतं. त्याने मादी परत ताटलीत ठेवली आणि बॅगा उचलून आपल्या खोलीच्या दाराशी नेल्या.

"या दाराला आतून कडी नाही, ताई," तो म्हणाला. "उद्या बसवून घेतो."

मग तो हात धुऊन जेवायला बसला. त्याला जायला दुसरं घर नव्हतं.