ऊब कुणी दिली

कोकिळानं पाटीतली अंडी एकेक करून उचलली आणि साडीच्या ओच्यात घेतली. दुपारी मुंगसानं कोंबडी ओढून नेली होती. अंडी तेवढी मागं राहिली, अजून कोमट.

घरात दुसरं माणूस नव्हतं. दिवाळी होताच नवरा, भुजंग, टोळीबरोबर कोल्हापूरकडं ऊस तोडायला गेला. दरसाल तीही जायची. मागच्या हंगामात सातव्या महिन्यात फडातच तिचं पोटातलं पोर गेलं, पाठोपाठ गर्भपिशवीही काढावी लागली. “तुला आता मोळ्या उचलायच्या न्हाईत,” म्हणून भुजंगनं यंदा तिला घरी ठेवलं होतं. निम्मं गाव असंच गेलेलं. त्यांच्या दारांना कुलपं.

तिन्हीसांजेला मारुतीच्या देवळात सोनपेठच्या बन्सीधर महाराजांचं प्रवचन होतं. एकटीनं अंडी धरून बसण्यापेक्षा बरं, म्हणून ती ओच्यावरून शाल पांघरून बायकांच्या मागं जाऊन टेकली. पुढं शेजारच्या कडूबाई बसल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि मान फिरवली. त्यांच्या सुनेच्या डोहाळजेवणाला सगळ्या गल्लीला बोलावणं होतं, एका कोकिळाला सोडून. तेव्हापासून दोन घरांत बोलणं नव्हतं.

“ब्रह्मांड हा शब्द फोडून बघा,” महाराज सांगत होते. “ब्रह्म आणि अंड. पोथ्या सांगतात, आधी नुसतं पाणी होतं. त्यावर सोन्याचं एक अंडं तरंगत होतं. आपण विश्व म्हणतो ते सगळं त्या अंड्यात.”

कोकिळाचा हात शालीआड ओच्यावर गेला.

“महाराज,” तिच्या तोंडून निघून गेलं, “त्याच्यावर बसलं कोण व्हतं?”

आधी एक बाई हसली, मग सगळं देऊळ हसलं. महाराज मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला.

“कुणीच नाही, बाई. वर्षभर ते तसंच पडून होतं. मग आतल्या ब्रह्मदेवानंच ते फोडलं. वरचं कवच आकाश झालं, खालचं धरती.”

“अन् ऊब?”

“तेवढं काही लिहिलेलं नाही.”

आरतीला थांबायचं सोडून कोकिळा उठली. स्वतःच्या दारापाशी तिनं कुलपाला हात लावला, पुन्हा काढून घेतला आणि शेजारी कडूबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. कडूबाई परतल्या तेव्हा ती तिथंच होती.

“तुमची कोंबडी खुडूक बसली न्हवं?” ती म्हणाली. “भिंतीपल्याडून आवाज यायलाय. माझीला मुंगसानं नेलं. हे घालता का तिच्याखाली?”

तिनं शाल बाजूला केली. तिच्या भरल्या ओच्याकडं कडूबाईंनी पाहिलं. मग त्यांनी ओसरीतलं डालगं उचललं. कोंबडी पिसं फुलवून गुरगुरली. कडूबाईंनी तिला पंखांखाली धरून वर घेतलं. कोकिळानं खाली वाकून अंडी ठेवली.

“पिल्लं निघाली का तुझी तू घेऊन जा.”

“राहू द्या तुमच्याकडंच. फुटायला लागली का हाक मारा, बास.”

“हाक कशाला लागती? रोज येऊन बघत जा की.” कडूबाईंनी डालगं जागेवर ठेवलं. “सून बी दिवसभर एकलीच बसून असती.”

आतून सुनेचा आवाज आला, “कोण हाय, आत्या?”

“कोकिळा हाय,” कडूबाई म्हणाल्या. “चहा टाक.”